गोल्फ मैदानाची रचना : जमीन, पाणी आणि आराखडा

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील वाचकांस गोल्फ या खेळाविषयी विशेष कुतूहल असावे, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद तालुक्यांत कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांची चर्चा पारावर होते. गोल्फचे नाव निघालेच तर ते दूरचित्रवाणीवरील एखाद्या दृश्याच्या निमित्ताने. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय हा खेळ नसून, ज्या भूमीवर तो खेळला जातो त्या भूमीची रचना हा आहे. शंभर-दीडशे एकर जमीन घ्यावयाची, तिच्यावरील चढउतार, ओघळी, झाडे व पाणवठे नीट पारखावयाचे आणि मग तिला असा आकार द्यावयाचा की तो मुळापासून तसाच होता असे पाहणाऱ्यास वाटावे, हे ज्यांचे काम, त्यांना गोल्फ मैदानाचे रचनाकार म्हणतात. या व्यवसायाचा भारतातील इतिहास मनोरंजक आहे. आपल्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशातील वाचकांच्या दृष्टीने तो उपयुक्तही आहे.

उपयुक्त अशासाठी की, केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाने गोल्फ हा पर्यटनाचा एक विशेष प्रकार मानला आहे. हैदराबाद, बंगळूर व पुणे या तिन्ही शहरांच्या परिसरात अशी मैदाने उभी राहिली आहेत आणि या तिन्ही शहरांशी आपल्या जिल्ह्यांचा नोकरीधंद्यानिमित्त नित्य संबंध येतो. उद्या एखाद्या गावच्या माळावर वा गायरानावर असा प्रकल्प येऊ घातला, तर ग्रामसभेत बसलेल्या मंडळींस नकाशा वाचता यावा आणि योग्य ते प्रश्न विचारता यावेत, एवढी अपेक्षा या लेखाकडून आहे.

मैदानाची ओळख

गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा विभाग असतात. प्रत्येक विभागास ‘होल’ असे म्हणतात, कारण त्याच्या शेवटी सव्वाचार इंच व्यासाचे एक छिद्र असते व चेंडू काठीने टोलवीत त्यात घालावयाचा असतो. आरंभीच्या चौथऱ्यास ‘टी’, मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यास ‘फेअरवे’, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाढलेल्या गवतास ‘रफ’, वाळूच्या खळग्यास ‘बंकर’ आणि छिद्राभोवतीच्या गालिच्यासारख्या मऊ हिरवळीस ‘ग्रीन’ अशी नावे आहेत. अठरा होलांची एकूण लांबी साधारणतः सहा ते सात हजार यार्ड भरते. म्हणजे खेळाडू एका फेरीत सहा किलोमीटर अथवा त्याहून अधिक चालतो.

क्रिकेटच्या वा हॉकीच्या मैदानाची मापे नियमाने ठरलेली असतात. गोल्फचे तसे नाही. छिद्राचा व्यास सर्वत्र सारखा, परंतु मैदान मात्र प्रत्येक ठिकाणी निराळे. या एका गोष्टीमुळे या खेळात रचनाकारास महत्त्व प्राप्त झाले आहे.

या खेळाचे माहेर म्हणजे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज. तेथील जुने मैदान कोणी एका व्यक्तीने आखलेले नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर वाऱ्याने, पावसाने आणि चरणाऱ्या मेंढ्यांनी ते घडविले. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्यांनी उकरलेले खळगे हेच पुढे बंकर झाले, असे तेथील लोक सांगतात. सन १७६४ मध्ये तेथील मार्ग अठरा होलांचा झाला व कालांतराने तोच आकडा जगाने स्वीकारला. एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) हा या मैदानाची निगा राखणारा गृहस्थ गावोगावी जाऊन नवी मैदाने आखून देऊ लागला. रचनाकार हा व्यवसाय अशा रीतीने एका माळ्याच्या हातून जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

रचनाकार काय करतो?

प्रथम तो जमीन पायी फिरतो. नंतर समोच्च रेषांचा नकाशा पुढे घेऊन तो पाण्याची वाट शोधतो: पाऊस पडल्यावर पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या ओघळीने बाहेर जाते. ज्याला हे कळले नाही त्याचे मैदान पहिल्या पावसाळ्यातच चिखल होते. त्यानंतर दिशांचा विचार येतो. सकाळी पहिल्या होलावर वा सायंकाळी अखेरच्या होलावर सूर्य खेळाडूच्या डोळ्यांत येऊ नये, अशी काळजी घ्यावी लागते. सामान्यतः नऊ-नऊ होलांचे दोन फेरे आखून दोन्ही फेरे क्लबच्या इमारतीपाशी परत आणतात.

मग येतो तो खरा कौशल्याचा भाग. खेळाडूपुढे निवड ठेवावयाची. सरळ मार्ग जवळचा, पण त्यात ओढा किंवा बंकर; वळणाचा मार्ग सुरक्षित, पण एक टोला अधिक घेणारा. चांगला रचनाकार खेळाडूस शिक्षा करीत नाही, त्याला विचार करावयास लावतो. या शास्त्रास ज्यांनी तात्त्विक बैठक दिली त्यांत डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांचे नाव अग्रगण्य आहे. हे मूळचे वैद्य. बोअर युद्धात शल्यवैद्य म्हणून गेले असता, मूठभर बोअर शेतकरी जमिनीच्या उंचसखलपणाचा आडोसा घेऊन मोठ्या फौजेला कसे चकवितात, हे त्यांनी पाहिले आणि पुढे तेच तंत्र त्यांनी मैदानांच्या आखणीत वापरले. मनुष्याने केलेले काम निसर्गाने केलेल्या कामाहून ओळखू येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे १९३३ साली सुरू झालेले सुप्रसिद्ध मैदान त्यांनी बॉबी जोन्स यांच्या साहाय्याने आखले. १९२६ साली ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे गेले. त्या शहरालगतच्या वाळवट जमिनीच्या पट्ट्यातील मैदानांवर त्यांची छाप पडली, आणि त्याच शहरात लहानाचा मोठा झालेला एक खेळाडू पुढे भारताच्या गोल्फ-इतिहासात महत्त्वाचा ठरला. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

ग्रीन तयार करण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आज बहुतेक ठिकाणी आधारभूत धरली जाते. तळाशी निचऱ्याचे नळ, त्यावर सुमारे चार इंच खडी आणि तिच्यावर सुमारे बारा इंच वाळूप्रधान थर, अशी ही मांडणी असते. वरचा थर पाणी शोषतो, गवताच्या मुळांपुरते धरून ठेवतो आणि जास्तीचे पाणी खाली सोडतो. वर सच्छिद्र थर आणि खाली पाण्याला ठरलेल्या वाटेने नेणारी रचना, एवढे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. बीदरच्या भूमीविषयी लिहिताना त्याचा पुन्हा उपयोग होणार आहे.

भारतातील मैदाने

ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब भारतात आहे, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. तो म्हणजे १८२९ साली स्थापन झालेला कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब. मुंबईत १८४२ मध्ये व बंगळूर येथे १८७६ मध्ये असे क्लब निघाले. या आरंभीच्या मैदानांना स्वतंत्र रचनाकार असा क्वचितच लाभला. लष्करातील अधिकारी, अभियंते वा चहाच्या मळ्यांचे व्यवस्थापक हेच खुंट्या ठोकून मार्ग आखीत. सिमल्याजवळील नालदेहरा येथील मैदानाच्या निर्मितीशी तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे नाव निगडित आहे. ते ठिकाण त्यांना एवढे आवडले की १९०४ साली जन्मलेल्या आपल्या कन्येच्या नावात त्यांनी त्या गावाचे नाव गुंफले.

दख्खनसारख्या कोरड्या भागात या मंडळींनी एक तोडगा काढला होता, त्याची नोंद येथे मुद्दाम करावीशी वाटते. पाणी नसल्यामुळे गवताची ग्रीन राखणे अशक्य. म्हणून छिद्राभोवती तेल मिसळलेली वाळू पसरून ती सारखी करीत. हिरव्याऐवजी तपकिरी रंगाच्या या वर्तुळास ‘ब्राउन’ असे म्हणत. खेळ त्यावाचून अडला नाही. पुढे पंप आणि कूपनलिका आल्या व ही साधी युक्ती मागे पडली.

मराठी मुलखातही या खेळाच्या खुणा आहेत. मुंबईतील विलिंग्डन क्लब व १९२७ साली चेंबूर येथे स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब हे सर्वश्रुत आहेत. नाशिकच्या रहिवाशांस ‘गोल्फ क्लब मैदान’ हे नाव चांगले परिचयाचे आहे. साहेब लोकांच्या खेळाची आठवण सांगणाऱ्या त्या मैदानास पुढे १९०९ च्या जॅक्सन प्रकरणातील हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले. त्यावर आज सभा होतात, मुले खेळतात आणि सकाळी वृद्ध मंडळी फिरावयास येतात. एका मैदानाच्या नशिबी यापेक्षा चांगली गती कोणती असणार?

स्वातंत्र्योत्तर काळात या क्षेत्रास शास्त्रीय वळण देण्याचे श्रेय बव्हंशी पीटर थॉमसन (१९२९–२०१८) यांच्याकडे जाते. मेलबर्नचा खेळाडू म्हणून ज्यांचा उल्लेख वर केला ते हेच. ब्रिटिश खुल्या स्पर्धेचे विजेतेपद त्यांनी पाच वेळा मिळविले. १९६४ मध्ये भारतीय खुली स्पर्धा सुरू झाली ती त्यांच्याच प्रोत्साहनाने, आणि पहिल्या वर्षीचे विजेतेही तेच. पुढे १९६६ व १९७६ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. १९७६–७७ च्या सुमारास त्यांनी दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची फेरआखणी केली. हे मैदान जुन्या थडग्यांच्या व लाल बंगला नामक वास्तूच्या सान्निध्यात असून तेथील दाट झाडीत मोर निर्धास्तपणे वावरतात. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेअर यांनी त्याची पुनश्च फेररचना केली.

आपल्या राज्याच्या दृष्टीने थॉमसन व त्यांचे सहकारी मायकेल वुल्वरिज यांचे महत्त्वाचे काम म्हणजे बंगळूर येथील कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान. टोकियो ऑलिंपिक स्पर्धेत (२०२१ मध्ये झालेल्या) चौथा क्रमांक मिळविणारी अदिती अशोक याच मैदानावर खेळ शिकली. परंतु हे मैदान जेथे उभे आहे ती जागा पूर्वी चल्लघट्टा तळ्याची होती, हेही सांगितले पाहिजे. बंगळूरच्या धर्मांबुधी तळ्याचे बसस्थानक झाले, संपंगी तळ्याचे क्रीडागार झाले आणि चल्लघट्टा तळ्याची हिरवळ झाली. रचनाकाराला मिळालेली जागा तो सुंदर करतो. ती जागा त्याला द्यावी की नाही, हा निर्णय त्याचा नसतो. तो शासनाचा व समाजाचा असतो.

१९९१ नंतर चित्र पालटले. जमीन-विकासक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आणि जगप्रसिद्ध खेळाडूंची नावे मैदानांना जोडण्याची पद्धत पडली. हरियाणातील क्लासिक मैदान जॅक निकलस यांचे, गुरगावचे १९९९ मधील मैदान अर्नोल्ड पामर यांचे, ग्रेटर नोएडा येथील ग्रेग नॉर्मन यांचे, अहमदाबादजवळील काल्हार पुन्हा निकलस यांच्या संस्थेचे. पुण्याजवळ बावधन-लवळे परिसरातील डोंगरउतारावरचे ऑक्सफर्ड मैदान ऑस्ट्रेलियाचे फिल रायन यांच्या संस्थेने आखले, तर हैदराबादच्या गच्चीबावली भागातील प्रचंड शिळांमधले बोल्डर हिल्स मैदान पीटर हॅराडिन यांचे. यांतील काही रचना खरोखर उत्तम आहेत. हैदराबाद येथे शिळा न फोडता त्यांनाच खेळाचा भाग केले आहे, ते पाहण्यासारखे आहे. तथापि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर अनेक ठिकाणी मैदान हे सभोवतालच्या बंगल्यांचे अंगण असते आणि रचनाकाराची सही ही सदनिकांच्या जाहिरातीसाठी घेतलेली असते. भारतीय रचनाकारही या क्षेत्रात आहेत. काश्मीरमधील गुलमर्गचे सुमारे साडेआठ हजार फूट उंचीवरचे मैदान रणजित नंदा यांनी नव्याने आखले व ते २०११ मध्ये खुले झाले. हिवाळ्यात बर्फाखाली जाणाऱ्या जमिनीवर असे काम करणे सोपे नाही.

मैदान कोणाच्या नावाने ओळखले जाते आणि कोणाच्या श्रमाने टिकते, यांतही अंतर असते. एस. एस. पी. चौरसिया यांनी २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे भारतीय खुली स्पर्धा जिंकली. त्यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानावर हिरवळीची निगा राखीत. १९९१ मध्ये ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय अली शेर आणि २००९ चे विजेते बंगळूरचे सी. मुनियप्पा हे दोघेही खेळाडूंच्या काठ्या वाहणारे कॅडी म्हणून काम करीत वर आले. जमिनीचा उतार ज्याने पायांनी अनुभवला, त्याला तो इतरांहून आधी कळतो, हे यावरून दिसते.

हरळीचे भाग्य

या मैदानांवर लावावयाचे गवत कोणते, असा प्रश्न एका माहिती मेळाव्यात औराद तालुक्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास विचारला होता. बर्म्युडा, असे मी रुबाबात सांगितले. मग भ्रमणध्वनीवर त्याचे चित्र दाखविले. ते पाहून त्यांनी कपाळावर हात मारला व म्हणाले, “साहेब, ही तर हरळी! हिच्या काशा वेचता वेचता माझ्या बापाची कंबर मोडली. आणि ही लावायला लोक पैसे मोजतात?”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. उष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवर सर्वाधिक लावले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी होय. गणपतीस वाहतो ती दूर्वा हीच आणि कन्नड बांधव जिला गरिके म्हणतात तीही हीच. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञांनी हरळीचा आफ्रिकेतील एका बारीक पानाच्या जातीशी संकर करून नव्या जाती काढल्या. त्यांतील ‘टिफग्रीन’ १९५६ मध्ये व ‘टिफड्वार्फ’ १९६५ मध्ये प्रसृत झाली. या संकरित जातींना बी धरत नाही. त्यांचे तुकडे रोवूनच लागवड करावी लागते. काळ्या रानात जिच्या चिवटपणाने शेतकरी हैराण होतो, तोच चिवटपणा येथे गुण ठरला आहे. रोज पायाखाली तुडविले, दोन-तीन मिलिमीटरवर कापले, तरी ती पुन्हा उठते.

काळी जमीन मात्र रचनाकारास नकोशी असते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात आणि वर आखलेला उतार टिकत नाही. तुरीला व ज्वारीला जी उत्तम, ती ग्रीनला अयोग्य. म्हणून अशा प्रकल्पांची नजर स्वाभाविकपणे माळाकडे, मुरमाड व तांबड्या जमिनीकडे जाते. आणि आपल्याकडे असा माळ म्हणजे पुष्कळदा गावाच्या गुराढोरांचे चरण असते. कागदावर ‘पडीक’ असा शब्द असला तरी धनगराला ती जमीन पडीक वाटत नाही.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे दहा हजार लिटर पाणी देणे, हे कोष्टक प्रथम पाठ करावे. उन्हाळ्यात आपल्याकडे हिरवळ टिकवावयाची तर दररोज निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागेल, असे धरू. अठरा होलांच्या मैदानाचे एकूण क्षेत्र साठ हेक्टर असले तरी त्यातील वीस हेक्टरच हिरवे ठेवावयाचे असे मानले, तर वीस गुणिले पाच गुणिले दहा हजार म्हणजे रोज दहा लाख लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट जल जीवन मिशनमध्ये ठेवलेले आहे. त्या मापाने हे पाणी सुमारे अठरा हजार लोकांना पुरते.

आपल्या सीमेपलीकडील लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मांजरा नदी लातूरकडून आपल्याकडे येते, हे वाचकांस सांगावयास नको. तिच्या धरणात पाणी नव्हते तेव्हा नदीच्या खालच्या अंगाच्या गावांची काय अवस्था होती, हे भालकी व औराद तालुक्यांतील वाचक स्वानुभवाने जाणतात.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, अन्यथा तो रचनाशास्त्रावर अन्याय होईल. अठरा ग्रीन व त्यांच्या टी यांचे मिळून क्षेत्र दोन हेक्टरच्या आसपास असते. रचनाकाराने फेअरवेवर पावसाळी गवताचाच आग्रह धरला, उन्हाळ्यात ते वाळू दिले आणि केवळ ग्रीन व टी यांनाच पाणी दिले, तर रोजची गरज दहा लाखांवरून एक लाख लिटरवर येते. जुन्या काळातील ब्राउन पत्करले तर त्याहूनही कमी. याखेरीज मोठ्या शहरांतील काही मैदानांनी सांडपाणी शुद्ध करून हिरवळीस देण्याची व्यवस्था केली आहे. सांडपाणी जेथे मुबलक आहे तेथे ही सोय उत्तम. पण ज्या गावात न्हाणीघराचे पाणी परसातल्या केळीलाच पुरत नाही, तेथे ती लागू पडत नाही. मैदानातील तळी शोभेची की पावसाचे पाणी साठविणारी, हाही आराखड्यातच ठरणारा प्रश्न आहे. थोडक्यात, दहा लाख आणि एक लाख यांमधील नऊ लाख लिटरांचे अंतर रचनाकाराच्या पेन्सिलीत असते. म्हणून प्रकल्पाच्या कागदपत्रांत खेळाडूचे नाव किती मोठे आहे हे पाहण्याऐवजी हिरव्या रंगाने किती हेक्टर रंगविले आहे, हे आधी मोजावे.

नया किल्ल्याचे उदाहरण

बीदरहून दीडशे किलोमीटरच्या आत, गोवळकोंड्याच्या तटाला लागून, नया किल्ला आहे. गोवळकोंड्याची कुतुबशाही ही बहमनी राज्याच्या विघटनातून निघालेली शाखा. त्यामुळे या वास्तूचे नाते बीदरशी पोहोचते. १६५६ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंड्यास वेढा दिला असता तटाबाहेरील एक टेकडी शत्रूस सोयीची ठरली. तेव्हा ती टेकडीच नव्या तटबंदीने आत घेण्यात आली आणि नया किल्ला अस्तित्वात आला. जमिनीचा एक उंचवटा वाचण्यात झालेली चूक एवढी महाग पडली!

या आवारात जुनी बाग, मशिदी, तळी आणि प्रचंड बुंध्याचा एक गोरखचिंचेचा वृक्ष आहे. गेल्या काही दशकांत याच परिसरात हैदराबादचे गोल्फ मैदान झाले. २०१४ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथील बागेचे उत्खनन केले, तेव्हा जलमार्ग, हौद व मातीचे नळ उजेडात आले. वारसाप्रेमी मंडळी व मैदानाचे चालक यांच्यात या जागेवरून दीर्घकाळ वाद चालत आला आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण ज्या जमिनीवर आज नवी रचना दिसते तिच्याखाली दुसऱ्या एखाद्या रचनाकाराने सोडलेले पाणी वाहिलेले असू शकते, ही गोष्ट तेथे डोळ्यांना दिसते.

बीदरची रचना

असे वाहते पाणी पाहण्यास हैदराबादला जाण्याचीही गरज नाही. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली, ती जांभा दगडाच्या पठारावर. जांभा हा सच्छिद्र. पावसाचे पाणी तो स्पंजासारखा पितो. त्याच्याखाली काळ्या पाषाणाचा कठीण थर. पाणी जांभ्यातून खाली झिरपते, काळ्या पाषाणावर येऊन थांबते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. नानक झिरा, पापनाश आणि नरसिंह झिरा ही तीर्थे याच सांध्याच्या आसपासची आहेत. ग्रीनच्या थरांचे जे सूत्र वर ध्यानात ठेवावयास सांगितले होते, ते बीदरच्या पठारात निसर्गानेच मोठ्या प्रमाणावर मांडून ठेवले आहे.

बहमनी काळात इराणी विद्येच्या आधाराने या रचनेचा उपयोग करून घेण्यात आला. जमिनीखाली, त्या पाणी धरणाऱ्या सांध्याच्या अनुरोधाने, अत्यल्प उताराचा बोगदा खोदावयाचा व त्यातून पाणी आपल्या गतीने वाहत न्यावयाचे, याला करेझ म्हणतात. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नहरी पाहिलेल्या वाचकांस ही कल्पना नवी वाटणार नाही. बीदर शहरालगतच्या नौबाद येथील करेझ दोन किलोमीटरहून अधिक लांब असून हवा, उजेड व सफाई यांसाठी ठेवलेली उभी विवरे त्याच्या मार्गावर ओळीने आढळतात. पंप नाही, वीज नाही. उतार थोडा अधिक झाला असता तर पाण्याने बोगदा कोरून ढासळविला असता. थोडा कमी झाला असता तर ते तुंबून राहिले असते. हा उतार पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीखाली अंधारात साधला गेला.

मधल्या काळात यातील अनेक विवरांत कचरा व माती पडली, काहींवर बांधकामे आली. अलीकडे त्यांच्या सफाईचे काम हाती घेण्यात आले. जागतिक स्मारक निधीच्या २०१४ च्या लक्षवेधी स्थळांच्या यादीत बीदर शहराचा समावेश झाल्यानेही या वारशाकडे लक्ष वेधले गेले. करेझच्या माथ्यावरील जमीन मोकळी राहिली, तिच्यावर खते व कीटकनाशके पडली नाहीत आणि शेजारी खोल कूपनलिका घेतल्या गेल्या नाहीत, तरच खालचे पाणी टिकते. हिरवळीच्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पास या तिन्ही गोष्टींचा मोह असतो. म्हणून बीदरच्या पठारावर जमीन मागणाऱ्या कोणाही रचनाकाराच्या नकाशावर समोच्च रेषांबरोबर करेझची रेषाही काढलेली असावी, असा आग्रह धरण्यास प्रत्यवाय नाही.

माध्यमिक शाळांच्या शिक्षकांस एक सूचना करावीशी वाटते. भूगोलाच्या तासाला जोडून नौबादची सहल काढावी. विद्यार्थ्यांनी एका विवरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजून वहीत नोंदवावे. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन ठिकाणची जमिनीची पातळी कशी ताडून पाहावयाची, हे गवंड्याकडून आधी शिकून घ्यावे. जाळीवरून आत डोकावताना शिक्षकांनी जातीने जवळ उभे राहावे. सहल शक्यतो उन्हाळ्यात, शाळा सुटण्यापूर्वी काढावी. त्या दिवसांत वरच्या माळावरची हरळी वाळून पिवळी पडलेली असते आणि खाली पाणी आहे की नाही, ते नक्की कळते.